ट्रॅक्टरच्या मागनं चालत

ट्रॅक्टरच्या मागनं चालत चालत अख्खं रान फिरता येतं असं आमच्या पोराला सांगितलं की त्याला वाटतं बाबा काहीतरी फेकतोय. त्याचा ट्रॅक्टर म्हणजे उसाच्या दोन ट्रॉल्या लावून, टपावर स्पीकर ठेवून, कोल्हापूर-गगनबावडा रोडवर आपल्या गाडीला कट मारून जाणारा. आणि आमच्या वेळचा नांगरटीचा ट्रॅक्टर चालायचा ताशी चार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तिसरी-चौथीतलं पोरगं जरा पाय उचलून चाललं की आरामात त्याच्या बरोबरीनं जायचं. आम्ही तसंच जायचो. मे महिना, पायात काही नाही, पुढं लाल ट्रॅक्टर आणि मागं ताजी उलटलेली थंडगार माती, वरनं ऊन भाजतंय पण पाय गार. हे सुख ज्यानं घेतलंय त्यालाच कळणार, बाकीच्यांनी पुढं वाचायचं का नाही ते बघा बाबा.

आमचं गाव कुंभी-कासारी नद्यांच्या पट्ट्यातलं. नदीकडंला मळीची काळी जमीन आणि वर माळाला तांबडी, मुरमाड. ऊस दोन्हीकडं, पण नांगरताना दोन्हीचा स्वभाव वेगळा, त्यावर पुढं येतो. घरात ट्रॅक्टर होता महिंद्राचा बी-275, पस्तीस एचपी, चार सिलिंडर. महिंद्रानं 1963 च्या सुमाराला अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीबरोबर भागीदारीत ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली, म्हणून गावात त्याला महिंद्रा कुणी म्हणायचंच नाही, सगळे म्हणायचे इंटरनॅशनल. "इंटरनॅशनल कुठं गेलाय रं?" असं कोणी विचारलं तर उत्तर असायचं, "खालच्या मळीत." आमच्याकडं आला तेव्हाच तो दोन मालकांच्या हाताखालनं गेलेला होता. त्या काळात नवा ट्रॅक्टर पाहिजे तर नंबर लावून वाट बघावी लागायची, त्यामुळं जुना मिळाला तरी लोक पेढे वाटायचे. आमच्या घरी वाटले होते म्हणे, मला आठवत नाही, मी फार लहान.

गावात एकूण ट्रॅक्टर मोजकेच. एक मॅसी, एक एचएमटी झेटर आणि आमचा. आता पोरं बुलेट का जावा यावरनं भांडतात तशी आम्ही मॅसी का झेटर यावरनं भांडायचो. मॅसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, एकदम सुरात चालायचं. झेटर दोन सिलिंडरचा, पंचवीस एचपीचा, त्याचा आवाज लांबनंच कळायचा, पाणंदीतनं येतोय म्हणून. हे एचएमटीवाले 1971 ला हरियाणातल्या पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचं तंत्र घेऊन ट्रॅक्टर करायला लागले, आणि आमच्या एका नातेवाइकांचा रुबाब काय सांगू, मनगटात एचएमटी, रानात पण एचएमटी. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर मात्र आयशरचा, 1959 ला फरीदाबादला. तो आमच्या गावात नव्हता, बाजाराच्या गावात बघायला मिळायचा. मग स्वराज आला, एस्कॉर्ट आला, फोर्ड आला, पण तोवर आमची निष्ठा पक्की झालेली होती.

ट्रॅक्टर यायच्या आधीचं मी बघितलेलं नाही पण आजोबांच्या तोंडनं इतकं ऐकलंय की बघितल्यासारखंच आहे. आमच्याकडं लोखंडी नांगर म्हणजे किर्लोस्कर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात तो करायला घेतला, मग 1910 ला किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती काय आमच्यापासनं फार लांब नाही. पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या असं आमच्याकडं सांगतात. आजोबा हे इतक्या अभिमानानं सांगायचे की जणू तोफ त्यांनीच उचलून दिली. भारी जमिनीत तो नांगर ओढायला सहा बैल, काही ठिकाणी आठ. एवढे बैल एका घरात कुठले? मग पैरा. तुझे दोन, माझे दोन, त्याचे दोन, आज तुझं रान, उद्या माझं. ज्याचं त्याच्याशी भांडण झालं त्याची नांगरट अडली. ट्रॅक्टर आल्यावर गावातली निम्मी भांडणं परवडायला लागली असं माझं मत आहे.

एकदा सहज कागदावर हिशोब मांडला. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, चार हजार सत्तेचाळीस चौरस मीटर. एका फाळाचा नांगर एक फूट माती उलटतो असं धरलं तर एक एकर नांगरायला माणसाला आणि बैलांना सव्वातेरा किलोमीटर चालावं लागतं, वळणं सोडून. म्हणजे कोल्हापुरातनं पंचगंगेच्या घाटावरनं निघून जवळजवळ जोतिबाच्या पायथ्याला गेल्यासारखं, ते पण ढेकळातनं, नांगर दाबून धरत. ट्रॅक्टरला दोन फाळाचा नांगर, दोन फूट पट्टा, मग तेच अंतर निम्म्यावर आलं, साडेसहा किलोमीटरच्या थोडं वर. चारच्या स्पीडनं वळणं-बिळणं धरून दोन तासात एकर. आजोबा बांधावर बसून हे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. बैल त्यांनी त्यानंतरही पुष्कळ वर्षं ठेवले, सरी सोडायला, कुळवायला लागतात म्हणून. खरं कारण ते नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं.

ट्रॅक्टर चालवायचे धाकटे काका. शाळा अर्धवट सोडलेली, पण जमिनीतलं त्यांना जे कळायचं ते बीएस्सी ॲग्री झालेल्याला पण कळणार नाही. नांगरायला जायच्या आदल्या दिवशी ते रानात जाऊन वाफसा बघायचे, म्हणजे जमिनीत नांगरण्याजोगी ओल आहे का ते. एका जागी खुरप्यानं वीतभर उकरायचं, खालची माती मुठीत घ्यायची, घट्ट दाबायची, मूठ उघडायची. गोळा तसाच चिकट राहिला, हाताला बोटांचे ठसे उमटले, तर नाही. मग तो गोळा कमरेइतक्या उंचीवरनं खाली सोडायचा. पडून फुटला, भुगा झाला, तर वाफसा आला. आणि मुठीत गोळाच होत नसेल तर उशीर झाला, आता पाणी द्या आणि परत थांबा. आम्ही मागं उभं राहून आमच्या पण मुठी दाबायचो. मळीची जमीन ओली असताना नांगरली की वीटभट्टीवरच्या विटांसारखी ढेकळं निघतात आणि वाळली की कुऱ्हाडीनं पण फुटत नाहीत. भाड्यानं नांगरून घ्यायला आलेला माणूस घाई करायचा, उद्याच पाहिजे म्हणायचा, काका एकच वाक्य म्हणायचे, "आज न्हाई. परवा सांच्याला बघू." पैसे सोडायचे पण ओल्यात नांगर घालायचे नाहीत. आता भाड्याचा ट्रॅक्टरवाला फोन केल्यावर दोन तासात येतो आणि वाफसा हा शब्द त्याच्या बिलात कुठं नसतो.

सकाळी ट्रॅक्टर चालू करणं हा एक वेगळाच कार्यक्रम. बॅटरी आमची कायम म्हातारी, नवी घेऊ घेऊ म्हणत वर्षं गेली. त्यामुळं रात्री ट्रॅक्टर गोठ्याच्या वरच्या बाजूला उतारावर लावायचा आणि चाकाखाली मोठा दगड. सकाळी हीटर दाबून धरायचा, मनात आकडे मोजायचे, मग सेल्फ. लागला तर लागला, नाहीतर काका वरनं ओरडणार "दगड काढ!" आणि दगड काढायचा मान पोरांचा. दगड काढून लगेच बाजूला उडी मारायची हे आधी दहावेळा बजावलेलं असायचं. ट्रॅक्टर उतारावर सुटायचा, क्लच सोडला की एक हिसका, काळा धूर, आणि गल्लीतली सगळी कुत्री जागी. आजी चुलीपुढनं म्हणायची, "उठला बघा राक्षस."

आता नांगर टाकल्यावरचं सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त तेच आठवतं. पहिला तास, म्हणजे नांगराची पहिली रेघ, सरळ मारायचा, समोरच्या बांधावर एखादं झाड नाहीतर आम्हा पोरांपैकी एकाला खांबासारखं उभं करायचं आणि त्याच्यावर नजर धरायची. पहिला तास वाकडा गेला की अख्खं रान वाकडं, आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस बांधावरनं हसणार. दुसऱ्या तासापासनं उजव्या बाजूची चाकं आधीच्या तासात उतरतात, डावी वर राहतात, त्यामुळं ट्रॅक्टर सगळा उजवीकडं कलतो आणि चालवणारा दिवसभर तिरका बसून असतो. काकांची कंबर त्यातच गेली. काका आजही खुर्चीत बसले तर जरा कलूनच बसतात, नवीन माणसाला वाटतं काही दुखतंय.

मागनं बघत चालणाऱ्याला मात्र नुसती मजा. फाळ आत घुसतो, माती आधी फुगते, तिला चिरा जातात, मग ती त्या वळलेल्या पत्र्यावरनं वर सरकत येते आणि एका क्षणी आपल्याच वजनानं कडाला पडते, पोट वर करून. पत्रा घासून घासून आरशासारखा झालेला असतो, त्यामुळं उलटलेल्या मातीची पाठ पण चमकते, काळीकुळकुळीत, थोडी ओलसर, त्यात तुटलेल्या मुळ्या पांढऱ्या दिसतात आणि एखादं गांडूळ अर्धं बाहेर वळवळतंय. काही वेळानं ती चमक जाते, वारा लागला की माती फिकी पडते. त्या पत्र्याची चकाकी टिकवणं हे आमच्याकडं लागलेलं काम. नांगरट संपली की चिंधीनं पुसून त्याला जळकं ऑइल फासायचं, नाहीतर पहिल्या वळवाला गंज धरतो आणि गंजक्या पत्र्याला माती चिकटून बसते, पलटी पडत नाही. शाळेच्या चड्डीला ते ऑइल लागलं की आईचा मार ठरलेला.

काका मागं फारसं बघायचे नाहीत. आवाजावर चालवायचे. मळीत इंजिन एका लयीत चालायचं. माळाच्या रानात गेलं की मध्येच आवाज भरून यायचा, नळीतनं काळा धूर, म्हणजे खाली मुरूम लागला, इंजिनला जास्त डिझेल लागतंय, की काका हायड्रोलिकचा लिव्हर बोटभर वर घ्यायचे, नांगर जरा उचलला जायचा, आवाज परत मोकळा. तो पट्टा गेला की लिव्हर परत खाली. हे सगळं बोलता बोलता, तोंडात तंबाखू, नजर समोर. कुठल्या रानात कुठल्या झाडाच्या रेषेत दगड आहे हे त्यांना पाठ होतं. तरीसुद्धा एखाद्या वर्षी फाळ अडकायचाच, खाडकन आवाज, मग पहारीनं तो दगड काढणं आणि फाळाला लोहाराकडनं धार लावून आणणं यात दुपार जायची. काही मोठं मोडलं तर मग कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. तिथल्या कारखान्यांत जुना पार्ट नेऊन टेबलावर ठेवायचा आणि "असाच पाहिजे" एवढंच म्हणायचं. लेथवर तसाच उतरवून द्यायचे. आम्हाला नेलं तर येताना भवानी मंडपात भेळ, त्यामुळं काहीतरी मोडावं अशी आमची गुप्त प्रार्थना असायची.

पोरांना दुसरी कामं म्हणजे दगड वेचणं आणि नांगरात अडकलेली खोडकी काढणं. उसाचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत वाढवलेलं पीक, मोडायचा असला की तेव्हा पाचट पेटवून द्यायचे, आता कुजवतात ते चांगलंच आहे, पण तरी अर्धवट जळालेलं पाचट आणि खोडकी नांगरात भरायची. ट्रॅक्टर थांबला, नांगर वर उचलला की काठीनं ओढून काढायचं, आणि काकांनी इंजिन बंद करेपर्यंत हात लावायचा नाही हा नियम. मधल्या वेळात बांधावर बसून ऊस खायचा, तेव्हाचा 740 जातीचा, 86032 ही जात यायच्या आधीचा. 740 ची चव या नव्या उसाला नाही असं मी म्हणतो, आणि बायको म्हणते तेव्हा दात बरे होते.

आणि पक्षी! नांगर टाकल्यावर कोण निरोप देतं माहीत नाही, पण नांगराच्या पहिल्या दोन रेघा होईपर्यंत बगळे हजर. मागं साळुंक्या, कावळे, कोतवाल तारेवरनं झेप घेणारा, वर घार फिरत असलेली. बगळे तर आमच्या इतकं जवळ चालायचे की आम्ही आणि ते एकाच रांगेत. ते खात होते ते आम्हाला तेव्हा नुसते किडे वाटायचे, पण त्यात मोठा हिस्सा हुमणीचा असायचा. पांढरी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी, तोंड तांबूस, उसाच्या मुळ्या खाते आणि वरनं ऊस वाळत जातो. आता आमच्या भागात हुमणीवर किती पैसे घालवतात ते विचारू नका. वळवाचा पाऊस पडला की तिचे भुंगेरे जमिनीतनं बाहेर येतात आणि संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. त्याच्या आधी एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट केली की अळ्या, कोष, भुंगेरे सगळं वर येतं, निम्मं उन्हानं मरतं आणि निम्मं बगळे खातात. औषध फुकट. काकांना याचं शास्त्र कोणी शिकवलेलं नव्हतं, ते म्हणायचे रान तापलं पाहिजे. बस्स. तापलं पाहिजे.

अजून एक गोष्ट, जी आता दोन्हीकडं माती टाकणारा पलटी नांगर आल्यावर कुणाला माहीतच राहिली नाही. तेव्हाचा नांगर माती फक्त उजवीकडं टाकायचा. त्यामुळं आलात तसं त्याच तासाला लागून परत जाता यायचं नाही, गोल फिरून जावं लागायचं. रानाच्या मधनं सुरुवात केली तर सगळी माती मध्याकडं ओढली जाते, मधे उंचवटा. कडेनं सुरुवात केली तर माती बांधाकडं जाते आणि शेवटी मधे चर राहतो. एकाच पद्धतीनं वर्षानुवर्षं नांगरलं की रानाचा लेव्हल बिघडतो, आणि आमच्याकडं पाटानं पाणी, लेव्हल बिघडला की पाणी अर्ध्या सरीत तुंबतं आणि अर्धी कोरडी. म्हणून यंदा आतनं तर पुढच्या खेपेला बाहेरनं. कुठल्या रानात गेल्या वेळी काय केलं हे आजोबा लक्षात ठेवायचे, लिहून कुठं नव्हतं. काका आणि आजोबांची सगळ्यात मोठी भांडणं याच्यावर. दोघंही ठाम. आजी शेवटी वैतागून म्हणायची, दोघं मिळून खोऱ्यानं ओढा माती.

बेंदराला बैलांची शिंगं रंगवून झाली की उरलेला हुरमुंज ट्रॅक्टरच्या बंपरला. आजोबांनी एकदा पुरणपोळीचा घास बैलांना भरवल्यावर एक पोळी बॉनेटवर ठेवली होती, ती कावळ्यानं नेली. खंडेनवमीला हार, नारळ, चाकाखाली लिंबू, आणि काका आंघोळ करून पांढरा शर्ट घालून, वर्षातनं एकदाच, ट्रॅक्टरवर बसून गावातनं एक फेरी.

सगळंच गोड होतं असं नाही हं. आम्ही मडगार्डवर बसून फिरायचो, हातानं नुसतं लाईटचं पाईप धरून. आज कोणाचं पोर तसं बसलेलं दिसलं की मी गाडी थांबवून ओरडतो. मडगार्डवरनं घसरलेला माणूस थेट मोठ्या चाकाखाली जातो, आणि अशा बातम्या दर हंगामात येतात. त्या जुन्या ट्रॅक्टरला वर संरक्षणाची चौकट नाही, पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, झाकण असलं तरी कोणीतरी काढून ठेवलेलं. आणि आवाज. काकांना आता उजव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही, फोनवर बोलायला लागले की खालच्या गल्लीला पण कळतं कोणाला किती पैसे द्यायचेत. जुन्या ट्रॅक्टरला रंग देऊन, स्टिकर लावून, रील करून नाद खुळा म्हणणारी पोरं मला आवडतात, पण त्यांनी एकदा आठ तास त्या सीटवर तिरकं बसून दाखवावं.

आणि तरी नांगरटीच्या बाबतीत मी काकांच्या बाजूचा. आता सगळीकडं रोटर, फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारा. वर्षातनं जेव्हा बघावं तेव्हा रोटर, कारण झटपट होतं आणि रान मऊ भुसभुशीत दिसतं, फोटोला छान. पण रोटर चालतो वरच्या चार-पाच इंचात. त्याच खोलीवर परत परत तीच पाती, वरनं पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरचं आणि भरलेल्या ट्रॉल्यांचं वजन, खाली थर घट्ट होऊन बसतो. पावसाळ्यात पाणी मुरत नाही, मुळ्या आडव्या पळतात, ऊस मोठा झाला की वाऱ्यानं लोळतो. मग तोच थर फोडायला सबसॉयलर भाड्यानं आणायचा. काका म्हणतात, आधी बिघडवायचं पैसे देऊन, मग सुधरायचं पैसे देऊन.

इंटरनॅशनल अजून आहे आमचा. चुलतभाऊ त्याला पाण्याच्या टँकरला आणि मळणीला वापरतो, मोठ्या कामाला त्याच्याकडं नवा घेतलाय. गेल्या महिन्यात गावी गेलो तर दोघांची जुंपलेली. माळाच्या रानातला खोडवा मोडायचाय, भाऊ म्हणतोय रोटर मारून लगेच सरी सोडू, काका म्हणतायत नांगरायचं, आणि इंटरनॅशनलनंच, जुना दोन फाळाचा नांगर परड्यात पडलाय तो काढा. भाऊ शेवटी तयार झाला, म्हणाला बरं, काढतो, उद्यमनगरातनं नवे फाळ आणतो, पण एक दिवस, जास्त नाही. काकांनी लगेच पुढचा मुद्दा काढला, गेल्या खेपेला बाहेरनं सुरू केलं होतं, यंदा आतनं घ्यायचं. भाऊ म्हणाला गेल्या खेपेला म्हणजे कधी, त्या रानात नांगर जाऊन किती वर्षं झाली, आठवतंय कोणाला? काका म्हणाले मला आठवतंय. भाऊ म्हणाला आतनंच झालं होतं, मी स्वतः दगड वेचलेत. मग दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं मला भूक लागलीय.